'नॉर्मल' कोणाला म्हणायचं? एक शब्द आणि तीन मोजपट्ट्या



शाळेत आरोग्य तपासणी झाली की दोन-चार दिवस एकच शब्द कानावर पडतो. "माझं नॉर्मल आलं." "तुझं काय आलं?" ज्याच्या कागदावर 'नॉर्मल' असतं तो मोठ्याने सांगतो. ज्याच्या कागदावर दुसरं काही असतं तो कागद दप्तरात खाली सारतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात रक्ताच्या तपासणीनंतर हे चित्र अनेकदा दिसतं, कारण इथे सिकलसेलची तपासणी होते आणि कागदावर 'एए', 'एएस' किंवा 'एसएस' अशी अक्षरं येतात.

आता एक प्रश्न. ज्याच्या कागदावर 'एएस' आलं, तो नॉर्मल आहे की नाही? लगेच उत्तर देऊ नका. 'नॉर्मल' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो, पण दर वेळी त्याचा अर्थ एकच नसतो. तो आधी नीट समजून घेऊ आणि मग या प्रश्नाकडे परत येऊ.

१) शब्द आला कुठून?

घर बांधताना मिस्त्रीच्या हातात लोखंडी काटकोन असतो. आपल्याकडे त्याला गुण्या म्हणतात. भिंतीचा कोपरा बरोबर आहे की नाही हे तो गुण्या लावून बघतो. लॅटिन भाषेत सुताराच्या अशाच काटकोनाला 'नॉर्मा' म्हणत. 'नॉर्मल' म्हणजे मुळात गुण्यात बसलेलं.

भिंतीसाठी हे ठीक आहे, कारण काटकोन जगात सगळीकडे सारखाच असतो. माणसाला लावायचा गुण्या मात्र एकच नाही. आपण निदान तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या वापरतो आणि तिन्हींना 'नॉर्मल' हेच नाव देतो. गोंधळ होतो तो तिथेच.

२) पहिली मोजपट्टी : बहुतेकांचं असतं तसं

बेल्जियमचे गणिती अडॉल्फ क्वेटले यांनी १८३५ मध्ये 'सरासरी माणूस' ही कल्पना मांडली. पुष्कळ माणसांची उंची, वजन मोजायचं, त्यातून सरासरी काढायची आणि प्रत्येकाला त्या सरासरीजवळ ठेवून पाहायचं. आजही बाळाचं वजन तक्त्यावर बघताना आपण काहीसं हेच करतो.

या मोजपट्टीने आपल्या भागात दोन वेळा भात खाणं नॉर्मल आहे, कारण हा धानाचा जिल्हा आहे. सोलापूरकडे हेच स्थान ज्वारीच्या भाकरीला आहे. यात चांगलं-वाईट काही नाही. संख्या जास्त कुठे आहे, एवढंच ही पट्टी सांगते.

पण ही मोजपट्टी फसवतेही. आपल्या गावातल्या पानठेल्यावर घटकाभर उभं राहून बघा. खर्रा घोटणं चालू असतं. बाप खातो, काका खातो, शेतावर काम करणाऱ्या बायकाही खातात. 'सगळेच खातात' म्हणून तो नॉर्मल झाला. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी खर्ऱ्याची पुडी हातोहात फिरते. आता सांगा, सगळे खातात म्हणून तंबाखू आणि सुपारीने तोंडाचा कर्करोग होणं थांबतं का? नाही थांबत. म्हणजे 'पुष्कळ लोक करतात' आणि 'योग्य आहे' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

लक्षात ठेवा : पहिली मोजपट्टी फक्त मोजते. ती न्याय करत नाही.

३) दुसरी मोजपट्टी : समाजात चालतं तसं

समाजशास्त्रात याला सामाजिक नियमन किंवा सामाजिक प्रमाणके म्हणतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहॅम समनर यांनी १९०६ च्या आपल्या ग्रंथात लोकरीती आणि लोकनीती असा फरक केला. लोकरीती मोडली तर लोक हसतात. लोकनीती मोडली तर लोक रागावतात, वाळीतही टाकतात. जेवताना डावा हात वापरला तर कोणी टोकेल. कोणाच्या मयतीला गेलं नाही तर गाव ते वर्षानुवर्षं विसरणार नाही.

ही मोजपट्टी जागा बदलली की बदलते. त्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

पहिलं उदाहरण बोलीचं घेऊ. आपल्या भागातली झाडीबोली 'ण' म्हणत नाही, 'न' म्हणते. 'ळ' च्या जागी पुष्कळदा 'र' येतो. घरी आजी 'पानी' म्हणते, 'डोरा' म्हणते. तेच लेकरू शाळेत येतं, 'पानी' लिहितं आणि वहीवर लाल गोल पडतो. आता उलट करून बघा. तो मुलगा सुट्टीत घरी जाऊन प्रत्येक शब्द पुस्तकासारखा बोलू लागला तर? "लय शहाना झाला गा!" असं म्हणून त्याचे मित्रच त्याला चिडवतील. मुलगा तोच, जीभ तीच. उंबरठा ओलांडला आणि नॉर्मल बदललं. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला, तिच्या साहित्याची चळवळ उभी केली, म्हणून आज आपण तिला 'अशुद्ध मराठी' न म्हणता एक बोली म्हणू शकतो. प्रमाणभाषा शिकायचीच आहे, ती लागते. पण घरची बोली ही चूक नाही. ती दुसऱ्या घरातली रीत आहे, एवढंच.

दुसरं उदाहरण लग्नाचं. आपला जिल्हा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडला लागून आहे. मराठी मुलखातल्या अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, पुष्कळ घरांत तर ते हौसेनं केलं जातं. उत्तर भारतातल्या बहुतेक हिंदू समाजांत मात्र मामाची मुलगी म्हणजे बहीण, तिच्याशी लग्नाचा विचारसुद्धा पाप. गोंड समाजात आत्या-मामाच्या मुलांचं लग्न चालतं, पण देवसंख्येचा नियम कडक असतो. ज्यांचे देव सारखे ते एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाचे लोक दूरदूरच्या राज्यांतून येतात. तिथे अनोळखी माणसं भेटली की कुळ आणि देव विचारून एकमेकांचं नातं ठरवतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल. त्यांच्या दृष्टीने देव न विचारता सोयरीक करणारेच विचित्र.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट यांनी १९३४ मध्ये एका लेखात हाच मुद्दा मांडला होता. एका समाजात जे वागणं असामान्य मानलं जातं, ते दुसऱ्या समाजात सहज खपतं, कधी त्याला मानही मिळतो. मग सगळं सारखंच का? कोणतीही रूढी चालेल का? तसं नाही. बालविवाहही कधी काळी नॉर्मल होता. रूढीने एखाद्याचं नुकसान होत असेल, तर 'आमच्यात असंच असतं' हे उत्तर पुरत नाही. नुकसान होतं की नाही हे पाहायला तिसरी मोजपट्टी लागते.

लक्षात ठेवा : दुसरी मोजपट्टी सांगते की लोकांना काय चालतं. तुमचं भलं कशात आहे, हे ती सांगेलच असं नाही.

४) तिसरी मोजपट्टी : शरीराला झेपतं तसं

आता सिकलसेलकडे वळू. शास्त्र थोडं नीट वाचा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असतं. ते ऑक्सिजन वाहून नेतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन आलं, की सिकल हिमोग्लोबिन तयार होतं. बदल एवढाच. पण ऑक्सिजन कमी झाला की अशा पेशी गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात. धान कापायचा विळा तुम्ही रोज पाहता, तोच आकार. इंग्रजीत विळ्याला 'सिकल' म्हणतात, त्यावरून हे नाव. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये त्या सापडल्या.

प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून.

– एए : दोन्ही प्रती नेहमीच्या.
– एएस : एक नेहमीची, एक सिकलची. याला वाहक म्हणतात. वाहकाला सहसा काहीच त्रास होत नाही. तो शेती करतो, खेळतो, शिकतो, नोकरी करतो.
– एसएस : दोन्ही प्रती सिकलच्या. याला रुग्ण किंवा सिकलसेलग्रस्त म्हणतात.

साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. एसएस रुग्णाच्या पेशी बऱ्याचदा १० ते २० दिवसांतच मोडतात. म्हणून रक्त कमी पडतं, दम लागतो, डोळे पिवळसर दिसतात. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडांत, सांध्यांत, पोटात भयंकर दुखतं. थंडी, भिजणं, पाणी कमी पिणं, ताप, अतिश्रम यांनी हे दुखणं उसळतं.

मग एएस हा बिघाड समजायचा का? इथे एक मजेशीर वळण आहे. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की एएस असणाऱ्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. त्यामुळे ज्या जंगलपट्ट्यांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे हे जनुक टिकून राहिलं आणि वाढलं. आपला पूर्व विदर्भ हा तसाच जंगलाचा, तळ्याबोड्यांचा, डासांचा मुलूख. आपल्या कितीतरी पूर्वजांना जगवणाऱ्या गोष्टींत हे जनुकही असणार.

म्हणून 'ही अमक्या जातीची बिमारी' असं कोणी म्हटलं तर त्याला थांबवा. पूर्व विदर्भात सिकलसेल आदिवासी समाजांत आहे, अनुसूचित जातींत आहे, इतर मागासवर्गीयांतही आहे. जनुक जात विचारत नाही. पण आपण जातीतच, ओळखीच्या घरांतच लग्नं करतो, म्हणून ते त्या त्या घरांत फिरत राहतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देऊ. एएस असलेला माणूस तिसऱ्या मोजपट्टीने, म्हणजे रोजच्या जगण्याला शरीर पुरतं का या मोजपट्टीने, चांगला धडधाकट असतो. फक्त त्याच्याजवळ एक माहिती आहे, जी लग्न ठरवताना कामी येणार आहे.

५) मोजपट्ट्यांची अदलाबदल झाली की काय होतं?

दोन प्रसंग सांगतो. माणसं काल्पनिक आहेत, पण असे प्रसंग आपल्या ओळखीचे आहेत.

पहिला प्रसंग वर्गातला. सातवीतली एक मुलगी. कवायतीत दोन फेऱ्या झाल्या की खाली बसते. महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर. पावसाळ्यात तर जास्तच, कारण रोवणा सुरू झाला की आईसोबत बांधीत उतरते, दिवसभर चिखलात, पाण्यात, आणि रात्री पाय धरून रडते. वर्गात तिचं नाव 'आळशी' पडलं आहे. घरी म्हणतात, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" आजी नजर काढते. पिवळे डोळे पाहून शेजारीण काविळीचं झाडपाल्याचं औषध सांगते.

इथे काय झालं? सगळ्यांनी पहिली मोजपट्टी लावली : बाकीची पोरं धावतात, ही का नाही? आणि दुसरी लावली : आपल्याकडे पोरी रोवण्याला जातातच, हिलाच काय झालं? तिसरी कोणी लावलीच नाही. रक्त तपासलं असतं, एसएस आलं असतं, तर कळलं असतं की ती आळशी नाही. उलट इतकं दुखत असताना ती महिन्यातले वीस दिवस शाळेत येते, हेच मोठं आहे. तिच्या शरीराचं नॉर्मल वेगळं आहे. ते ओळखून तिला पाण्याची बाटली जवळ ठेवू दिली, थंडीत स्वेटर घालू दिला, धावण्याऐवजी गुण लिहायचं काम दिलं, बुडालेले धडे पुन्हा शिकवले, तर ती आपल्या वर्गातच राहील. नाहीतर आठवी-नववीत तिचं नाव पटावरून जाईल आणि आपण म्हणू, "तिला शिकायचंच नव्हतं."

दुसरा प्रसंग लग्नाचा. मुलगी एएस आहे, स्वतः ठणठणीत. घरच्यांनी तपासणीचं कार्ड पेटीत तळाशी लपवलं. का? "कळलं तर सोयरीक मोडेल. पोरीत खोट आहे म्हणतील." मुलाकडच्यांनीही तेच केलं होतं. तोही एएस. दोघंही दिसायला धडधाकट, पत्रिका जुळली, मांडव पडला. आता हिशेब बघा. आई-वडील दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएस होण्याची ५० टक्के आणि एए होण्याची २५ टक्के. 'पहिलं चांगलं निघालं, आता दुसऱ्याला भीती नाही' असं म्हणता येत नाही. दर वेळी चिठ्ठी नव्याने निघते.

हाच एएस मुलगा एए मुलीशी लग्न करता तर? एकही मूल एसएस झालं नसतं. म्हणजे एएस असणं ही अडचण नव्हतीच. अडचण लपवण्याची होती. आणि लपवलं कशामुळे? 'खोट' या शब्दाच्या भीतीमुळे. शरीराला झेपतं की नाही याचा कागद आपण समाजात चालेल की नाही या पट्टीवर ठेवला आणि घाबरलो. त्यातही बघा, ही भीती मुलीच्या घरच्यांना जास्त असते. जनुक तर दोघांकडून येतं, पण बोल एकटीला लागतो.

६) मग आपण काय करायचं?

सिकलसेल आता सरकारच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचं निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यांत सिकलसेल आजारही आहे. म्हणजे कायद्यानेही मान्य केलं आहे की या लेकरांना दया दाखवून भागणार नाही, त्यांच्यासाठी सोय केली पाहिजे.

– तपासणी करून घ्या. आधी साधी सोल्युबिलिटी चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, कारण ती एएस आणि एसएस यांतला फरक सांगत नाही. तो पुढच्या चाचणीत, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीमध्ये कळतो. पुढची चाचणी टाळू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा.
– वाहकाला रोगी म्हणू नका. बोलताना हा फरक पाळा.
– एसएस असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया यांसारखी औषधं नियमित घ्यावीत. भरपूर पाणी प्यावं, थंडीपासून जपावं. ताप अंगावर काढू नये.
– लग्नाआधी पत्रिका बघायची तर बघा, पण रक्ताचा कागदही बघा, आणि दोघांचाही बघा.
– शिक्षकांनो, वारंवार गैरहजर राहणारं, लवकर दमणारं, पिवळ्या डोळ्यांचं लेकरू दिसलं तर रागावण्याआधी पालकांना तपासणीबद्दल विचारा. तपासणीचा निकाल मात्र वर्गात कधीही मोठ्याने वाचू नका.

७) पुन्हा गुण्याकडे

मिस्त्री भिंत गुण्यात आणतो. जुन्या घराची दुरुस्ती करताना मात्र चांगला मिस्त्री आधी घर बघतो, जमीन कुठे खचली, लाकूड कुठे वाकलं ते पाहतो आणि दरवाजाची चौकट त्या घराला बसेल अशी करतो. शाळा आणि गाव यांनाही हे जमलं पाहिजे. सगळ्यांनी एकाच मापात बसावं असा आग्रह धरला तर एखादं लेकरू बाहेर राहतंच. माप थोडं सैल केलं तर बाकी कोणाचं काही जात नाही.

पुढच्या वेळी 'तो नॉर्मल नाही' असं तोंडात आलं तर क्षणभर थांबा आणि स्वतःलाच विचारा : मी कोणती मोजपट्टी लावतोय? तो संख्येने कमी आहे? की मला त्याची सवय नाही? की त्याला खरंच काही त्रास आहे? संख्येने कमी असेल तर असू द्या. सवय नसेल तर करून घ्या. आणि त्रास असेल तर त्याला नाव ठेवू नका, मदत करा.

स्वाध्याय

१. तुमच्या घरी नॉर्मल असलेली, पण मित्राच्या घरी वेगळी वाटणारी एक रीत लिहा. ती लोकरीती आहे की लोकनीती, ते ठरवा.
२. 'सगळेच करतात' म्हणून गावात चालणारी, पण नुकसान करणारी एक सवय सांगा. ती बदलायची झाली तर सुरुवात कोणी करावी?
३. आई एएस आणि वडील एए असतील तर मुलांच्या शक्यता चौकट आखून काढा. मग आई एसएस आणि वडील एए असतील तर काय होईल तेही काढा.
४. वर सांगितलेल्या सातवीतल्या मुलीच्या वर्गात तुम्ही असता, तर तिच्यासाठी उद्यापासून कोणत्या दोन गोष्टी केल्या असत्या?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून थांबू नका. आपल्या वर्गात अशी कोणी आहे का, तेही बघा.